रानजाईचा डावा कौल

दुपारी जेवून आडवं होणं मला जमत नाही. डोळे मिटले की कामं दिसतात. पण आज शालनने माझं काही ऐकलं नाही. शालन म्हणजे आमची शेजारीण, परकरात होतो तेव्हापासूनची. "आरशात तोंड बघितलंस? चार दिवस झाले, झोप नाही तुला. पड जरा, साडेतीनला उठवते," म्हणाली. ओटीवर चटई टाकून मला अक्षरशः तिच्यावर ढकललं आणि भात झोडायला निघून गेली.

तर पडले आहे. दसरा होऊन गेलाय. आश्विनातलं ऊन पत्र्यावर तापतंय आणि पत्रा मधूनच कडकन वाजतोय. खालच्या खाचरांतून भात झोडल्याचे धपाधप आवाज वर येतायत. डोक्यात एकच चाललंय, की चार वाजता मी करणार काय?

चार वाजता कौल लावायचाय. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या कोंडतळी गावाच्या वर रानजाईची देवराई आहे. देवीच्या नावाने राखलेलं रान, तिथलं वाळकं काटूकसुद्धा कुणी घरी नेत नाही. गावाला मोठं काही करायचं असलं की आधी तिला विचारायचं. पाषाणाच्या डाव्या-उजव्या अंगाला अबोलीचं एकेक फूल पाण्याने चिकटवायचं, प्रश्न मांडायचा आणि हात जोडून थांबायचं. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. उजवं म्हणजे देवीचं उजवं, आपलं नव्हे, निम्मे पाहुणे इथेच चुकतात. फुलं लावायचा मान गुरवाचा. गुरव म्हणजे माझे आबा, धाकू गुरव. ते वैशाखात गेले. भाऊ पनवेलला नोकरीला, त्याला देवीची आरतीसुद्धा धड येत नाही. म्हणून तो मान माझ्या गळ्यात पडला. मी सुगंधा, वय चोपन्न, लग्न झालेलं नाही. गेली दहा वर्षं देवीची रोजची पूजा मीच करते. तरी गावाने माझ्यावर दोन बैठका घेतल्या. शेवटी तात्या घाग, आमचे गावप्रमुख, भर बैठकीत म्हणाले, "सुगंधाचं आता वय झालंय, विटाळाची काय अडचण नाही." झालं, प्रश्न मिटला. बोलताना माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

आज विचारायचंय ते असं. मुंबईकर मंडळाला देवीसमोर सिमेंटचा सभामंडप बांधायचाय, आणि गाड्या थेट वर जातील असा रस्ता करायचाय. त्यासाठी राईतली अकरा झाडं पाडावी लागतील. त्यांच्यावर लाल रंगाच्या फुल्या मारूनसुद्धा झाल्यात. गावात कुणाला हो म्हणायचं नाहीये आणि नाहीही म्हणायचं नाहीये. मुंबईकरांशी वाकडं कोण घेणार? म्हणून सगळे एका सुरात म्हणतायत, "देवी सांगेल ते." आणि देवीच्या शेजारी उभी कोण, तर मी! आबांनी मला कौल लावायला कधी शिकवलं नाही. किती पाणी घ्यायचं, फूल कुठे टेकवायचं, काही म्हणजे काही नाही. विचारलं की एकच उत्तर. "वेळ आली की समजंल."

वेळ आली. समजलं डोंबल.

पत्रा वाजतो. खालून धपका येतो, मग दुसरा, जरा जवळून. तिसरा अगदी ओटीपाशी. कुणीतरी पायरीवर पाय आपटून चिखल झाडतंय. आश्विनात चिखल कुठला आणला याने, असं मनात येतं तोवर ओळखीचा खोकला ऐकू येतो.

"निजलीस? दुपारची?" आबा विचारतात.

मी उठून बसते. कमरेला पंचा, डोक्याला टोपी, पाठीशी आकडीत अडकवलेली कोयती, पाय ढोपरापर्यंत बरबटलेले. मेलेला माणूस समोर उभा आहे हे मला पक्कं कळतंय. भीती मुळीच वाटत नाही, राग येतो. पाच महिन्यांत एकदा म्हणून स्वप्नात आले नाहीत, आणि यायचं ते नेमकं आज, डोक्यावर चार वाजायला आलेत तेव्हा!

"आत्ता सवड झाली का आबा? बसा इथे. कौल कसा लावायचा ते आधी सांगा."

"तांबडी व्याली?"

"काय?"

"तांबडी पाडी गो. व्याली का?"

"व्याली. कालवड झाली. आबा, चार वाजता अख्खा गाव..."

"कालवड!" त्यांचा चेहरा फुलतो. "बरं झालं. चल, राईत जाऊन येऊ."

हे असं आयुष्यभर. यांना सरळ प्रश्न विचारावा आणि यांनी सरळ उत्तर द्यावं, असं मी जन्मात पाहिलं नाही. नमनालाच घडाभर तेल, आणि खेळ सुरू व्हायच्या आत लोक घरी. मी काही बोलणार तोवर ओटीची पायरी संपून आम्ही बांधावर असतो.

बांध नेहमीचाच आहे. डाव्या हाताला खाचरं, उजव्या हाताला पऱ्याचं पाणी. पण एका खाचरात भात पिवळं झालंय, त्याच्या शेजारच्यात आत्ताच लावणी झाल्यासारखं पोपटी, आणि त्याच्याही पलीकडे नुसती नांगरट. शालन कंबर वाकवून पेंढी आपटतेय. पेंढी दगडावर पडते, दाणे उडतात, आवाज मात्र होत नाही. "शालन!" मी हाक मारते. ती घाम पुसते आणि माझ्या आरपार वर राईकडे बघते.

"ती आत्ता ऐकायची नाय," आबा मागे न बघता म्हणतात. "तू पाय बघून टाक."

"मी बघूनच टाकते. तुम्ही मुद्द्यावर या."

"येतंय गो. घाई कसली?"

घाई कसली! यांचं ठीक आहे, यांना आता कुठे जायचंय?

पऱ्या ओलांडताना माझ्या लक्षात येतं, की पाणी खालून वर चाललंय. आबांना त्याचं काही नाही. ते दोन दगडांवर पाय देऊन पलीकडे होतात. पुढे राईची हद्द लागते. तिथे चपला काढायच्या असतात. आज तिथे चपलांची रांगच लागलीये, शे-दोनशे असतील, लहान मुलांच्या, बायकांच्या, टायरच्या, लाकडी खडावासुद्धा. आणि आत माणूस एक नाही. मी अनवाणीच आलेय हे मला आत्ता कळतं.

आत पाऊल टाकलं की घाम विरतो, हे मात्र स्वप्नातही खरं आहे. बाहेर आश्विन आणि आत भर थंडी. वर बघितलं तर आभाळाचे नुसते तुकडे. पायाखाली पानांचा थर, गादीसारखा. कुठेतरी धनेश पंख मारत गेला, त्याचा फडाडफडाड आवाज झाला. मी रोज येते इथे पूजेला, पण रोज पायवाटेने येते, पाच मिनिटांत पूजा आटपते आणि उलटपावली घरी. आबा पायवाट सोडून भलतीकडेच शिरतात.

"हा बघ." ते एका सरळसोट किंजळावर थाप मारतात. "शाळेच्या आढ्यासाठी मागितलावता. अठ्ठ्याहत्तर साली. कौल डावा."

"माहीत आहे."

"हा बेहडा. साकवासाठी. कौल डावा."

"आबा..."

"ही सुरंगी. तात्या घागाच्या बापाला पलंग करायचावता लेकीच्या लग्नात. काय तोंड केलान होतं! डावा." त्यांना खुदकन हसू येतं. "आणि हे तीन ऐन. ह्यांच्यासाठी तर दोनदा लावायला लावलानी. दोन्ही वेळा डावा."

"पाठ आहे हो सगळं! गावातल्या शेंबड्या पोरालासुद्धा पाठ आहे. देवीने नाही म्हटलं, झाडं राहिली. पुढे बोला."

आबा थांबतात. वळून माझ्याकडे बघतात. "कोणी नाय म्हटलान?"

"देवीने."

ते हसायला लागतात. आधी बारीक, मग कमरेवर हात ठेवून, मग खोकला लागेपर्यंत. मला इतका संताप येतो! स्वतः मरून मला एवढ्या संकटात टाकलं आणि वर हसतायत. "हसायला काय झालं?" मी ओरडते. वरच्या फांदीवरून एक शेकरू खाली डोकावतं आणि परत आत जातं.

आबा समोरच्या जुन्या फणसापाशी जातात. पाठीची कोयती काढतात आणि बुंध्यावर हलकीशी खाच पाडतात. पांढरा चीक भरून येतो. त्यावर बोट टेकवून ते बोट माझ्या नाकासमोर धरतात.

"पाण्यानं लावलेलं फूल वाळलं की पडतंय. चिकानं लावलेलं उद्यापर्यंत हलत नाय. उजव्याला चीक, डाव्याला पाणी. मंग देवी काय म्हणंल? नायच म्हणंल."

मला आधी कळतच नाही. मग कळतं.

"सगळे?"

"झाडांचे सगळे."

"म्हणजे शाळेचा पण तुम्हीच?"

"मंग?"

"अहो, त्या शाळेचं आढं मोडकंच राहिलं! चार वर्षं मी वर्गात छत्री घेऊन बसले! गुरुजी फळ्यावर लिहायचे आणि पाणी पुसायचं!"

"शिकलीस ना पण?"

काय म्हणावं या माणसाला? दहा वर्षं मी त्या पाषाणाला आंघोळ घालतेय. हळद लावतेय. कापूर ओवाळताना डोळे मिटून म्हणतेय, तू राखलंस गं बाई, तूच राखलंस. आणि राखणारा खाली घरात बसून सुपारी कातरत होता. मला गाव कुठे आणि कसं हसेल ते दिसायला लागतं.

"गावाला फसवलंत तुम्ही."

"फसवलंय," ते लगेच कबूल होतात. "ते बघ."

फणसाच्या बुंध्याआड समोरचा डोंगर आहे. एरवी तो दोन कोसांवर असतो, आत्ता हात लांब केला तर लागेल इतका जवळ आलाय. शेजारच्या गावाचा डोंगर. तिथेही राई होती, मी लहानपणी पाहिलीये. आता नुसता मुरूम. एक टँकर घाट चढतोय, मागे बायका हंडे घेऊन धावतायत. त्यांचाही आवाज होत नाही.

"तितला गुरव लई सरळ माणूस," आबा म्हणतात. "पाण्यानंच लावायचा."

आमचा पऱ्या मे महिन्यातसुद्धा आटत नाही, हे मला ठाऊक आहे. मी वर बघते. ऐनाच्या शेंड्यात ऊन अडकलंय. ही झाडं मला आवडतात. मी कधी बोलून दाखवलं नाही, पण आवडतात, आणि त्या लाल फुल्या मारल्या त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं. लबाड तर लबाड, पण म्हाताऱ्याने केवढं राखून ठेवलंय, असं वाटून माझा राग जरा उतरतो.

उतरतो न उतरतो, तोच मला आठवतं.

"आबा. झाडांचे सगळे म्हणालात."

"हां."

"बाकीचे?"

आबा एकदम वाकून पायाला लागलेली मुंगी शोधायला लागतात.

"आबा, माझ्या वेळी?"

"लई मुंगळे झालेत हितं," ते म्हणतात आणि चालू लागतात. भराभर. चौऱ्याऐंशी वर्षांचा, त्यातही मेलेला माणूस, माझ्याच्याने गाठवत नाही. मी मागून धावते. मुळं, वेली, काटे. मांडीएवढी जाड गारंबीची वेल आडवी येते, ती वाकून ओलांडते आणि पलीकडे आमच्याच घराच्या माजघरात उभी राहते.

माजघर बत्तीस वर्षांपूर्वीचं आहे. सारवलेली जमीन, भिंतीवर ते जुनं कॅलेंडर. फक्त चुलीतून बेहड्याची मुळं बाहेर आलीयेत आणि पाट्या-वरवंट्याच्या जागी रानजाईचा पाषाण आहे. खुर्चीवर दिगंबर बसलाय. पाटगावच्या वखारवाल्या गुरवांचा मुलगा, मला बघायला आलेला. मांडीवर पोह्यांची बशी. मी बावीस वर्षांची नाहीये, मी आहे तीच आहे, पिकलेल्या केसांची, आणि तरी तो माझ्याकडे बघून तेव्हा लाजला होता तसाच लाजतो.

"पोहे कसे झालेत, असं सगळे विचारतायत म्हणून सांगतो," तो तेव्हाचंच वाक्य म्हणतो. "मीठ कमी आहे. पण चालेल."

बघायला आलेला मुलगा असं बोलतो का कधी? आई बिचारी गोरीमोरी झाली होती. मला मात्र तो तिथेच आवडला होता. या माणसाबरोबर संसार करताना कधी अंदाज बांधत बसावं लागणार नाही, असं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी देवीला विचारलं. मी गाभाऱ्याबाहेर पायरीवर बसले होते, आतलं दिसत नव्हतं. आबा बाहेर आले आणि म्हणाले, डावा. संपलं. नंतर कुणी आलंच नाही. देवीने नाकारलेली मुलगी सून म्हणून कोण घेणार? चांगली स्थळं होती, पण सगळ्यांना गावातूनच कळायचं आणि पाहुणे एसटी स्टँडवरूनच परत फिरायचे.

"चीक लावला होतात?" मी विचारते.

आबा पाषाणाशेजारी उकिडवे बसलेत. टोपी हातात. "नाय," ते म्हणतात.

"खरं सांगा."

"देवीच्या पायाशी बसून खोटं बोलंन?"

"बोलाल! चाळीस वर्षं तेच केलंत!"

"तुझ्या वेळी नाय लावला गो. दोन्ही फुलं पाण्यानंच लावली. म्हटलं, पोरीच्या जल्माचा प्रश्न हाय, हितं आपला हात नको." ते टोपी गोल फिरवत राहतात. "जल्मात तेवढा एकच खरा कौल लावला मी."

"आणि?"

दिगंबर पोहे खायचा थांबलाय. चुलीतली मुळं कुठेतरी करकरतात.

"उजवं पडलं," आबा म्हणतात. "लगेच पडलं. पाणी सुकलं पन नव्हतं."

मला पुढचं विचारायची गरज नसते, तरी मी विचारते. "मग?"

"मंग मी ते उचललं. आणि डावं नखानं काढलं."

मी बत्तीस वर्षं देवीवर रुसले होते. पूजा केली, पण रुसून केली. नवरात्रात ओट्या भरल्या लोकांच्या, आणि मनात दर वेळी विचारलं, माझ्यात काय कमी होतं ते तरी सांग. ती काय सांगणार? तिने केव्हाच हो म्हटलं होतं.

"का?" मी विचारते. "का रे केलंस तू असं?" आयुष्यात पहिल्यांदा मी बापाला अरेतुरे करतेय. आबांनाही ते लागतं. ते मान खाली घालतात.

"त्याचा बाप. वखारवाला. तू आत पोहे करत होतीस तवा तो चा पीत वर राईकडे बघत होता. म्हणाला, गुरवबुवा, त्या ऐनाचं घनफूट किती निघंल हो? पोरगा चांगला होता गो. पन बाप व्याही झाला असता. उद्या म्हणला असता, व्याहीबुवा, दोन ऐन द्या. व्याह्याला काय कौल दाखवायचा? तुला सासरी नांदवायची म्हणून दोन दिले असते. मंग चार. मंग राई कुठली ऱ्हाते?"

"मला सांगायचं होतंस."

"सांगून काय केलं असतंस?"

"मी नाही म्हटलं असतं त्याला!"

"म्हटलं असतंस?"

मी दिगंबरकडे बघते. त्याच्या मिशीला पोह्याचा कण लागलाय. नाही म्हटलं असतं? या माणसाला? मला खरंच माहीत नाही. आजही माहीत नाही.

"ते माहीत नाही," मी म्हणते, आणि आता मला रडू आवरत नाही. "म्हटलं असतं, नसतं म्हटलं. पण मला विचारायचं होतंस! देवीला विचारलंस, झाडांचा विचार केलास, वखारवाल्याचा केलास. मला एकदा तरी विचारलंस का, बायो, असं असं आहे, तुझं काय म्हणणं आहे?"

"झाडं ऱ्हायली ना पन," आबा पुटपुटतात.

"राहिली. आणि मी पण राहिले."

ते उठतात. माजघराला भिंती उरलेल्या नाहीत, चारी बाजूंनी राई आत आलीये. खुर्ची रिकामी आहे, बशी जमिनीवर. प्रत्येक बुंध्यावर लाल फुली. मी मोजते तर अकराच्या पुढे जातात, वीस, तीस, मोजता मोजता वाढतायत.

"चुकलं माझं," आबा म्हणतात. हे शब्द त्यांच्या तोंडून मी जिवंतपणी ऐकले नव्हते. "तुझ्याबाबतीत चुकलं. पन आता चार वाजत आलेत. माझ्यावरचा राग ह्या झाडांवर काढू नको."

आणि मी काही म्हणायच्या आत ते माझा उजवा हात धरतात. त्यांचा हात गार आहे. चिकाने माखलेलं बोट ते माझ्या अंगठ्यावर घासतात, मग अंगठ्याशेजारच्या बोटावर, नीट, कुणाला औषध लावावं तसं.

"उजव्याला हा. डाव्याला पाणी. कुणाला कळायचं नाय."

"सोडा हात."

"तेवढं कर गो बायो."

"मला विचारा आधी! आत्ता तरी विचारा!" मी हात ओढते. "करशील का म्हणून विचारा!"

ते तोंड उघडतात. परत मिटतात. त्यांना खरंच जमत नाहीये. भात झोडल्याचा धपका पडतो, एकदम मोठा, अगदी कानाशी.

"सुगंधा! अगं ए, उठ! पावणेचार होत आले, मेली मी विसरलेच!"

शालन खांद्याला धरून मला गदगदा हलवतेय. तिच्या केसांत भाताचा कोंडा आहे. ओटी, चटई, तापलेला पत्रा. आवाज सगळे परत आलेत. कोंबड्यासुद्धा ओरडतायत.

"रडत होतीस झोपेत," ती म्हणते. "आबा आलेवते का?"

"आले होते. कधी नव्हे ते."

"काय म्हणाले?"

"काय म्हणणार? आपलंच खरं." मी तोंड पुसायला हात उचलते आणि हात तसाच राहतो. अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांना घट्ट चिकटलेत. ओढलं तर त्वचा ताणली जाते. जोर केला तशी पांढरट तार निघते, लांब, आणि तिला तो वास. शालन वाकून बघते.

"चीक? आश्विनात फणस कुठला गं? आणि तू तर इथेच होतीस."

"इथेच होते."

"पाण्याने निघायचा नाही तो. थांब, खोबरेल आणते. फुलं तोडून आणलीयेत मी, दोन चांगली बघून घे." ती आत जाते.

मी हाताकडे बघत बसते. चीक अजून ओला आहे. राई पंधरा मिनिटांच्या वाटेवर. वर जायचं, उजव्या अंगाला फूल टेकवायचं, हात जोडायचे. अकरा झाडं वाचतील. तात्या घाग नमस्कार करून म्हणतील, देवीची इच्छा. मुंबईकर गपचूप गाडीत बसतील. कुणाला काही कळणार नाही, आबांच्या वेळेसारखंच. आणि झाडं मला वाचवायचीच आहेत. तिथे माझं आणि आबांचं एकमत आहे, हाच तर वैताग!

शालन बाटली आणते. मी तळहातावर तेल ओतून घेते आणि चीक चोळायला लागते. तो सहज सुटत नाही, काळपट लोळ्या होतायत.

"फुलं ओल्या फडक्यात गुंडाळू?"

"तू माळ ती. मी कौल लावत नाहीये."

"काय?" शालन कपाळाला हात लावते. "अगं, वेड लागलं का? गाव जमलाय वर!"

"जमू दे. मी वर जाऊन सांगणार आहे, देवीला विचारायचं नाही. झाडं पाडायची नाहीत, हे मी म्हणतेय, सुगंधा गुरव. ज्याला पाडायचीत त्याने माझ्या तोंडावर सांगावं, मला पाडायचीत म्हणून. तिचं नाव कुणी घ्यायचं नाही."

"आणि नाही ऐकलं कुणी?"

"तर माझं नाही ऐकलं. तिच्या माथी काही नको."

शालन खाली बसते. खाचरांच्या वर, राईच्या काळ्याभोर शेंड्यांकडे बघते. मी चोळायची थांबते.

"शालन, तुला पाडायचीत का गं झाडं?"

"मला?" ती हसते, कसनुसं. "मला कुणी विचारलंय?"

"मी विचारतेय."

ती केसातला कोंडा काढते, हात पदराला पुसते. मग म्हणते, "नाही. नाही पाडायची." इतकं हळू, की पत्रा वाजला असता तर ऐकू आलं नसतं.

"वर आल्यावर जरा मोठ्याने म्हण," मी सांगते, आणि अंगठ्यावर आणखी थोडं तेल ओतते.